दोन ठिपक्यांमधली रेघ

आलेख कागद शाळेजवळच्या दुकानांत अजून सुटा मिळतो. पुरवण्या, कोरे नकाशे आणि चित्रकलेचे कागद यांच्या खाली कुठेतरी तो असतो, कारण त्याला मागणी येते ती परीक्षेच्या आठवड्यात. फिक्या हिरव्या नाहीतर तांबूस रेघांचा हा कागद उजेडात धरून नीट पाहिला, की त्यावर तीन जातींच्या रेघा दिसतात. दर सेंटिमीटरला ठळक, अर्ध्यावर जरा कमी ठळक आणि दर मिलिमीटरला अगदी पुसट. एका चौरस सेंटिमीटरात शंभर घरं, सगळी रिकामी आणि सगळी सारखी.

नववी-दहावीत भूगोल, विज्ञान आणि गणित या तिन्ही विषयांत मुलांची या कागदाशी गाठ पडते. दहावी सरली की बहुतेकांची ती कायमची सुटते, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर, बोलताना मात्र तोंडात नगरच येतं) राहणाऱ्या माणसाला तर हा कागद जन्मभर लागावा, असं माझं मत आहे. का, ते सांगायला जरा आडवाटांनी जावं लागेल.

बिंदू कसा देतात ते आधी बघू. हातात आकड्यांची दोन ओळींची सारणी असते. वरच्या ओळीत महिने, खालच्या ओळीत मापं. पहिलं काम म्हणजे सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत मोठा आकडा शोधायचा आणि ते दोन्ही कागदावर मावतील असं प्रमाण ठरवायचं. ते प्रमाण उजव्या कोपऱ्यात लिहायचं. लिहिलं नाही तर गुण जातात, आणि ते बरोबरच आहे. मग पेन्सिलीला टोक करायचं. डाव्या हाताचं बोट X-अक्षावरच्या महिन्यावर ठेवून उभ्या रेघेनं वर न्यायचं, पेन्सिल Y-अक्षावरच्या मापापासून आडवी आणायची, आणि दोन्ही भेटतील तिथे टिंब द्यायचं. ते दिसावं म्हणून भोवती बारीकसं वर्तुळ. एवढंच. पण त्या टिंबाच्या जागी काळ आणि पाणी, किंवा काळ आणि भाव, पहिल्यांदा एका ठिकाणी आलेले असतात. सारणीत ते शेजारी होते, इथे ते एक झाले.

चांगले शिक्षक एक गोष्ट बजावून सांगतात. आधी सगळे बिंदू, मग रेघ. याचं कारण वर्गात क्वचितच सांगितलं जातं. तीन बिंदू देऊन झाल्यावर ते जोडून टाकले, की चौथा बिंदू त्याच दिशेला असावा अशी हाताला ओढ लागते. आकडा जरा इकडेतिकडे असला तर पेन्सिल नकळत रेघेकडे सरकते. बिंदू मोजलेला असतो आणि रेघ आपण ओढलेली असते. हा भेद हातात मुरावा म्हणून तो क्रम आहे, आणि या लेखात मला जे म्हणायचं आहे ते सगळं त्या भेदाभोवतीच फिरतं.

संख्येला जागा द्यायची ही रीत फार जुनी नाही. शहाजीराजांनी सावरून धरलेली नगरची निजामशाही 1636 मध्ये संपली. त्याच्या पुढच्याच वर्षी फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त यांचा भूमितीवरचा ग्रंथ छापून निघाला आणि बीजगणित व भूमिती एकमेकांच्या घरी राहायला आली. तरीसुद्धा रोजच्या व्यवहारातले आकडे रेघेनं दाखवावेत हे सुचायला आणखी दीडशे वर्षं जावी लागली. 1786 मध्ये स्कॉटलंडच्या विल्यम प्लेफेअर यांनी इंग्लंडच्या आयात-निर्यातीचे आलेख छापले. आपल्याकडे या रेघा घराघरांत पोचल्या त्या कंपासपेटीतून. दांडेकर बंधूंनी 1931 मध्ये मुंबईत सुरू केलेल्या कॅम्लिनची ती पेटी मराठी मुलांच्या कितीतरी पिढ्यांनी दप्तरात वागवली.

आता प्रमाणाकडे येतो, कारण या जिल्ह्याइतकं प्रमाणाचं महत्त्व दुसरीकडे क्वचितच कळेल. अकोले तालुक्यात सह्याद्रीच्या कड्यावर घाटघर आहे. तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यात नगर तालुक्यातलं हिवरे बाजार आहे, आणि तिथे चारशे मिलिमीटर पडला तरी पुष्कळ म्हणायचा. दोन्ही गावं एकाच कागदावर घ्यायची म्हटलं तर काय होतं बघा. कागदाची उंची 24 सेंटिमीटर धरू. घाटघर मावण्यासाठी 1 सेंटिमीटर म्हणजे 250 मिलिमीटर पाऊस, असं प्रमाण घ्यावं लागेल. घाटघर 20 सेंटिमीटरवर जाईल आणि हिवरे बाजार 16 बारीक घरांवर, तळाशी चिकटून बसेल. बरं, हिवरे बाजारात एका वर्षी 300 पडला आणि दुसऱ्या वर्षी 400, तर या कागदावर दोन ठिपक्यांत 4 मिलिमीटरचं अंतर राहील. पेन्सिलीचं टोक बोथट असेल तर दोन्ही ठिपके एकमेकांत मिसळतील. आणि शेतात तेवढ्या फरकावर रब्बीची ज्वारी येते किंवा जाते, गुरं दावणीला राहतात किंवा छावणीला जातात.

उलट हिवरे बाजारला पुरेल असं प्रमाण घ्या. 1 सेंटिमीटरला 20 मिलिमीटर. चारशेचा ठिपका 20 सेंटिमीटरवर दिमाखात बसतो, पाच-दहा मिलिमीटरची सरसुद्धा डोळ्यांना दिसते. पण घाटघरचा ठिपका द्यायचा तर कागद अडीच मीटर उंच लागेल. म्हणून जिल्ह्याची सरासरी म्हणून जो आकडा छापला जातो, तो वाचताना मला नेहमी अस्वस्थ वाटतं. तो आकडा अकोल्याच्या कड्यावर कोणी पाहिलेला नाही आणि पारनेर, पाथर्डी, कर्जतच्या माळावरही तो क्वचितच कोणाच्या वाट्याला येतो. दुष्काळ गावात पडतो. गावाचा कागद गावाच्याच प्रमाणात हवा.

आणि पावसाचा कागद आहे म्हणून भागत नाही, विहिरीचाही हवा. विहिरीच्या पाण्याचा आलेख इतरांपेक्षा वेगळा असतो. तो वरून खाली वाढतो. जमिनीची पातळी म्हणजे शून्य, ते कागदाच्या माथ्यावर; तिथून खाली 1 मीटर, 2 मीटर, 3 मीटर. ऑक्टोबरचा ठिपका वर, मे महिन्याचा पार खाली. मुलांना सवय असते रेघ चढली की वाढ झाली असं मानायची, आणि इथेही ते खरंच राहतं, कारण रेघ वर येते तेव्हा पाणी वर आलेलं असतं. कागदावर विहिरीचा काप काढावा तसा हा आलेख दिसतो.

मोजायचं कसं, तेही सांगतो, कारण ठिपक्याची सगळी किंमत त्या मोजण्यात आहे. टेपच्या टोकाला वजन बांधायचं आणि तो विहिरीत सोडायचा. वजन पाण्याला टेकलं की कळतं. त्या क्षणी कठड्याच्या कडेला टेपवर बोट दाबून धरायचं आणि आकडा वाचायचा. समजा तो आला 6 मीटर 30 सेंटिमीटर. यातून कठड्याची उंची वजा करायची, ती समजा 80 सेंटिमीटर. पाणी जमिनीखाली साडेपाच मीटरवर आहे. दर वेळी कठड्यावरच्या एकाच जागेवरून मोजायचं. तिथे रंगानं खूण केलेली बरी. आणि मोटर चालू व्हायच्या आधी मोजायचं. रात्री लाइट असली, मोटारी ऑटोवर टाकलेल्या असल्या, तर पहाटे विहीर उपसलेली असते आणि झरे तिला पुन्हा भरत आणत असतात. त्या घडीला घेतलेलं माप विहिरीचं नसून मोटारीचं असतं. जुनी माणसं विहिरीची खोली परस या मापात सांगतात, ती ऐकून घ्यावी. तळ कुठे आहे ते त्यावरून समजतं.

तळ समजणं फार गरजेचं आहे. मे महिन्यात वजन खाली जातं आणि ठक्क करून कातळावर आपटतं. वहीत शेरा पडतो, कोरडी. आता ठिपका कुठे द्यायचा? पुष्कळ जण तळाच्या खोलीवर देऊन मोकळे होतात. विहीर 12 मीटरची, म्हणून ठिपका 12 वर. पण पाणी 12 मीटरवर नाहीच, ते त्याच्या खाली कुठेतरी आहे, किंवा तिथल्या कातळात नाहीही. अशा वेळी ठिपका देऊ नये. रेघ आधीच्या मापापाशी थांबवावी आणि त्या महिन्याच्या जागी शब्दात कोरडी असं लिहावं. कागदावरची ती मोकळी जागा कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त सांगते.

राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची मापं वर्षातून चारदा घेते. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. चार ठिपके. समजा एका विहिरीचं पाणी ऑक्टोबरात 3 मीटरवर होतं, जानेवारीत साडेपाच, मार्चमध्ये 8 आणि मेमध्ये 11. सारणीत हे आकडे शहाण्यासारखे रांगेत उभे असतात, त्यांच्याकडे पाहून छातीत धस्स होत नाही. कागदावर घेतले की रेघेचा उतार बोलू लागतो. पहिले तीन महिने पाणी महिन्याला ऐंशी-पंच्याऐंशी सेंटिमीटरनं उतरलं, पुढचे दोन महिने सव्वा मीटरनं, शेवटचे दोन दीड मीटरनं. रेघ दर ठिपक्याला जास्त खडी होत गेली आहे. जानेवारीचा नाहीतर मार्चचा ठिपका दिला त्याच संध्याकाळी तोवरचा उतार दिसू शकतो, आणि उन्हाळी कांद्याला किती पाणी द्यायचं, की लावायचाच नाही, हे ठरवायला तेव्हा अजून हातात वेळ असतो.

पण ती रेघ ओढायचा हक्क आपल्याला कुणी दिला? ऑक्टोबर ते जानेवारी विहिरीत कुणी डोकावलेलं नाही. सरळ रेघ म्हणते की पाणी रोज सारखंच उतरलं. खरं तर मध्ये परतीचा पाऊस येऊन पाणी दोन हात वर आलं असेल, मग ज्वारी-हरभऱ्याच्या पाळ्या सुरू झाल्यावर झपाट्यानं खाली गेलं असेल. तरीही ती रेघ मला मान्य आहे, एका कारणासाठी. त्या मधल्या प्रत्येक दिवशी विहिरीत पाणी कुठल्या ना कुठल्या पातळीवर होतंच. आपण मोजलं नाही एवढंच. म्हणून रेघ हा अंदाज आहे, आणि तो अंदाज असल्याचं ठाऊक असेल तोवर तो प्रामाणिक आहे.

रोजच्या पावसाचं तसं नाही. सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी मोजतात आणि तो चोवीस तासांचा आकडा होतो. काल 12 मिलिमीटर, आज शून्य. या दोहोंमध्ये सहा मिलिमीटरची कुठली वेळ नव्हती. तिथे स्तंभ हवेत, रेघ नको. कांद्याच्या भावाचीही तीच गोष्ट. घोडेगावला किंवा नगरच्या नेप्ती उपबाजारात ठराविक वारी लिलाव होतात, आणि भाव जन्मतो तो लिलावाच्या वेळी. दोन लिलावांच्या मधल्या दिवशी माल पडून असतो, भाव नसतो. मोबाइलवर मात्र ते ठिपके जोडून मिळतात, आणि पुष्कळदा नुसते जोडून नव्हे तर वळणदार करून. ते वळण दिसायला सुरेख असतं, पण गोलाई साधण्यासाठी ते मोजलेल्या सर्वांत वरच्या ठिपक्याच्याही वर जाऊ शकतं. विहिरीच्या आलेखात असं झालं, तर विहिरीला कधी न आलेलं पाणी कागदावर येतं. हातानं रेघ ओढणारा माणूस पट्टी ठेवतो, आणि पट्टी ठिपक्यापासून ठिपक्यापर्यंतच जाते.

एक आलेख असा आहे की ज्याच्या रेघेवरच्या प्रत्येक बिंदूला अर्थ असतो, आणि तोही आपल्याच जिल्ह्यातून जातो. दौंड-मनमाड रेल्वे 1878 मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी फ्रान्समध्ये एत्येन-ज्यूल मारे या शास्त्रज्ञाचा आलेखपद्धतीवरचा ग्रंथ निघाला आणि त्यात पॅरिस ते लिआँ गाड्यांचा आलेख होता. हीच रीत रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात रुजली. उभ्या अक्षावर अंतराच्या प्रमाणात स्टेशनं, म्हणजे काष्टी, बेलवंडी, विसापूर, सारोळा, अकोळनेर, नगर, विळद, वांबोरी, राहुरी आणि पुढे पुणतांबा, कोपरगाव. आडव्या अक्षावर चोवीस तास. प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. एक्स्प्रेसची रेघ खडी, मालगाडीची पसरट, आणि गाडी थांबली की रेघ आडवी. मार्ग एकेरी असताना येणारी आणि जाणारी अशा दोन गाड्यांच्या रेघा एकमेकींना छेदणारच, पण तो छेद स्टेशनाच्या आडव्या रेघेवरच पडला पाहिजे. दोन स्टेशनांच्या मध्ये पडला तर त्याचा अर्थ सांगायला नको. स्टेशन मास्तर फोनवरून वेळा कळवत, कंट्रोलर पेन्सिलीनं रेघ पुढे नेत आणि क्रॉसिंग कुठे द्यायचं ते कागदावर ठरवत. आता ते संगणकाच्या पडद्यावर होतं. पण पुढे ओढलेली रेघ म्हणजे माणसांच्या जिवाची हमी, ही जाण मला त्या कागदाइतकी दुसरीकडे कुठे दिसलेली नाही.

कारण खरा धोका शेवटच्या ठिपक्याच्या पुढे असतो. तिथे तुटक रेघ ओढतात आणि म्हणतात, हे असंच चालू राहील. या जिल्ह्यानं त्याचे चटके दीडशे वर्षांपूर्वीच सोसले आहेत. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानातल्या कापसाचे भाव भराभर चढले. सावकारांनी हात सैल सोडून कर्जं दिली. युद्ध संपलं, भाव कोसळले. नेमक्या त्यानंतरच्या वर्षांत, 1867 पासून, पुणे जिल्ह्यात फेरजमाबंदीनं सारा वाढवून बसवायला सुरुवात झाली. चढत्या रेघेवर विसंबून दिलेलं कर्ज आणि चढवून बसवलेला सारा, दोन्ही उतरत्या भावात फेडायचे होते. मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला उठाव झाला आणि तो पारनेर, श्रीगोंद्याकडच्या गावांत पसरला. लोकांनी सावकारांच्या घरातले कर्जरोखे मागितले आणि जाळले. सरकारला 1879 मध्ये शेतकऱ्यांसाठी खास कायदा करावा लागला. कागदावर तुटक रेघ ओढायला काही लागत नाही. तिची किंमत कुणबी देतो.

म्हणून मला धनंजयराव गाडगीळ फार मोठे वाटतात. प्रवरेवर भंडारदऱ्याचं धरण 1926 मध्ये पुरं झालं, कालवे वाहू लागले आणि ऊस वाढला. कालव्यानं खरंच काय दिलं याचा हिशेब गाडगिळांनी पुण्याच्या गोखले संस्थेतून मांडला. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या फायद्यांची पाहणी करणारा त्यांचा अहवाल 1948 मध्ये प्रसिद्ध झाला. मोजलेलं पुढे आणि मत मागे, अशी त्यांची शिस्त होती. हा अर्थशास्त्रज्ञ पुढे विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबरीनं प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्यात उभा राहिला आणि त्याचा पहिला अध्यक्ष झाला. ठिपके मोजणाऱ्या माणसावर शेतकऱ्यांनी विश्वास टाकला, याचा मला या मातीचा म्हणून अभिमान वाटतो.

आणि म्हणूनच हिवरे बाजार. पोपटराव पवार 1989 मध्ये सरपंच झाले आणि 1994 मध्ये गाव आदर्श गाव योजनेत आलं. चर, बांध आणि झाडं हे काम अनेक गावांनी केलं. काहींचं टिकलं, काहींचं वाहून गेलं. या गावानं त्याच्या पुढे जाऊन मोजायला सुरुवात केली. गावात पाऊस मोजतात, विहिरींची पातळी मोजतात आणि पावसाळा सरला की गावसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. माणसांना आणि जनावरांना प्यायला किती, हे आधी बाजूला काढायचं. उरेल त्यावर पिकं ठरवायची. ऊस आणि केळी नाही. शेतीसाठी बोअर नाही. पाऊस कमी झाला त्या वर्षी जास्त पाण्याची पिकं बंद. यात पुढच्या वर्षी पाऊस बरा होईल अशी तुटक रेघ कुठेच नाही. शेवटच्या ठिपक्यावर उभं राहून निर्णय घेतात. माझ्या मते गावाच्या यशाचं अर्धं कारण बांधबंदिस्ती आणि अर्धं ही सवय.

ती सवय लावायला ना निधी लागतो ना मंजुरी. नववीच्या मुलांना निर्देशक भूमिती शिकवताना काल्पनिक बिंदू दिले जातात. त्याऐवजी त्यांना गावची एक विहीर द्या. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च, मे. तेच चार महिने, तीच खूण, सकाळची तीच वेळ, मोटर चालू व्हायच्या आधी. माप घेणाऱ्या मुलीचं नाव आणि तारीख वहीत. कागद ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, जाणाऱ्या-येणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लावा. शून्य वर आणि खोली खाली. पुढच्या वर्षी त्याच कागदावर दुसऱ्या रंगाच्या पेन्सिलीनं पुढचे चार ठिपके द्या, म्हणजे दोन वर्षं एकमेकांशेजारी दिसतील. कोरडी पडली तर कोरडी लिहा. शेवटच्या ठिपक्यापुढे काही ओढू नका. हस्ताचा पाऊस संपला की पहिलं माप घ्या, याच ऑक्टोबरात.